रवेलीची पेटी

पेटीवाल्याला संगीतकार म्हणायला आपण मराठी माणसं कधी कचरलो नाही. गोविंदराव टेंब्यांनी 1911 साली ‘मानापमान’ला चाली दिल्या, 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ला संगीत दिलं आणि त्यात हरिश्चंद्रही तेच झाले. पण छत्तीसगडच्या पेटीवाल्यांची नावं आमच्या रायपूरच्या समता कॉलनीतल्या मराठी घरांतसुद्धा फारशी निघत नाहीत, याची मला मनापासून खंत आहे. मी इथे मुलांना पेटी शिकवते, तेव्हा पेटीपासूनच सांगते.

नाचा हा इथला रात्रभराचा खेळ. रात्री जेवणं उरकून लोक बसतात ते उजाडल्यावर उठतात. पुरुषच लुगडं नेसून, गळ्यात सुता, हातात ऐंठी, पायात पैरी घालून ‘परी’ होतात आणि डोक्यावर पितळी लोटा तोलत नाचतात. तमाशातला नाच्या-सोंगाड्या पाहिलेल्या माणसाला हे परकं वाटणार नाही. जुन्या पद्धतीला ‘खडे साज’ म्हणत. वादक वाद्यं कमरेला बांधून, मशालीच्या उजेडात, उभ्याउभ्या नाचणाऱ्याच्या मागे वाजवत फिरायचे. सुराला चिकारा हे गजानं वाजवायचं तंतुवाद्य असायचं.

राजनांदगावकडच्या रवेली गावचे मालगुजार दुलारसिंह साव, म्हणजे दाऊ मंदराजी, यांनी 1928 च्या सुमारास आपली नाचा पार्टी बांधली आणि चिकाऱ्याच्या जागी पेटी आणली. पेटी आली तसे वादक खाली बसले. वादकांची जागा ठरली, म्हणून नाचणाऱ्याला मोकळं अंगण मिळालं. गाणाऱ्याला कायमचा षड्ज मिळाला. मला तर वाटतं, नाचाचा रंगमंच त्या दिवशी तयार झाला. दाऊंची जमीन मात्र या वेडापायी गेली. 1984 साली ते गेले तेव्हा हाती काही उरलं नव्हतं.

रायपूरच्या हबीब तनवीरांनी 1958 साली मदनलाल, ठाकुरराम, लालूराम अशा नाचाच्या कलावंतांना दिल्लीला नेलं, हे पुष्कळांना माहीत असतं. श्याम बेनेगलांचा ‘चरणदास चोर’ हा चित्रपट 1975 चा. त्यात हीच मंडळी आहेत आणि राजकन्या आपली स्मिता पाटील.

पण मला ज्यांच्याविषयी लिहायचं होतं ते खुमानलाल साव. जन्म 1929, पेशानं शिक्षक, मुरलेले पेटीवादक. दाऊ रामचंद्र देशमुखांनी (आडनाव आपल्यासारखं, घराणं अस्सल छत्तीसगडी) दुर्गजवळच्या बघेरा गावात 1971 साली ‘चंदैनी गोंदा’ हा रंगमंचावरचा खेळ उभा केला. शेतकऱ्याची कथा, तीत गाणी, नाच आणि गावाकडचे खरेखुरे पोशाख. गाणी मुख्यतः लक्ष्मण मस्तुरियांची, चाली खुमानलालजींच्या. त्याच संचातले गायक भैयालाल हेडाऊ पुढे सत्यजित रायांच्या ‘सद्गती’त गोंडाच्या भूमिकेत दिसले.

या चालींचं मोल पेटीवर बसलं की कळतं. त्यांच्या मुळाशी इथली लोकगीतं आहेत. ददरिया म्हणजे शेतात काम करताना दिलेले सवाल-जवाब, करमा हा मांदर नावाच्या ढोलाच्या ठेक्यावरचा. सुआ तर बायका दिवाळीच्या दिवसांत टोपलीतल्या धानावर मातीचा पोपट ठेवून, भोवती फेर धरून, नुसत्या टाळ्यांवर गातात. अशा गाण्याला पेटी लावली की टाळीमधली रिकामी जागा भरायचा मोह होतो, आणि ती भरली की फेर मरतो. माझे विद्यार्थी हमखास तिथेच चुकतात. खुमानलालजींच्या चालींत मला पेटी थांबलेली ऐकू येते, नाचणाऱ्या पायासाठी.

आकाशवाणीनं 1940 साली पेटीवर बंदी घातली होती. ती सैल झाली 1971 मध्येच, ‘चंदैनी गोंदा’च्या वर्षी. पुढे ही गाणी आकाशवाणी रायपूरवरून घरोघर गेली. देशमुख बाजूला झाल्यावर संच खुमानलालजींनीच चालवला. त्यांना 2015 चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला, 9 जून 2019 रोजी ते गेले. छत्तीसगडी सिनेमाला आता नव्या चाली, नवे कपडे आहेत. लग्नाच्या मांडवात मात्र आमच्या भागातले बँडवाले अजून त्यांचीच गाणी वाजवतात.