नरक्याच्या शोधात

कुंडलिकेकाठच्या धाटावला रसायन म्हटले की औद्योगिक वसाहतच आठवते. सह्याद्रीतली झाडे मात्र हा उद्योग फार आधीपासून करत आली आहेत. नरक्याचेच पाहा.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. १९५० च्या दशकात तिथल्या कृषी खात्यातले मन्रो वॉल कॉर्टिसोनसाठी उपयोगी द्रव्ये शोधायला हजारो वनस्पतींचे अर्क तपासत होते. त्यांतला एका चिनी झाडाच्या पानांचा अर्क १९५८ च्या सुमारास कर्करोगाच्या चाचणीत प्रभावी ठरला. त्यातले द्रव्य, कँप्टोथेसिन, वॉल आणि मनसुख वाणी यांच्या चमूने १९६६ मध्ये जगापुढे मांडले. वाणी जन्माने नंदुरबारचे! हे नाव महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना माहीत असायलाच हवे.

१९७२ मध्ये मुंबईत, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडले.

१९९६ मध्ये त्यावर बेतलेल्या टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. मागणी वाढली आणि सह्याद्रीत नरक्याची बेकायदा तोड सुरू झाली. हे द्रव्य पानांतही असते, पण कमी. तोडणाऱ्यांनी त्यामुळे खोडामुळांवरच कुऱ्हाड चालवली.