उंच डोंगरावरील यात्रामार्ग : संत याकोबाच्या पदयात्रेतील ‘होस्पितालेस’ वाट

स्पेन देशाच्या वायव्य टोकाला असलेले सान्तियागो दे कोम्पोस्तेला हे जगातील कॅथॉलिक भाविकांचे एक प्रमुख तीर्थक्षेत्र आहे. प्रभू येशूच्या बारा प्रेषितांपैकी जब्दीपुत्र संत याकोब, ज्यांना आपण थोरला याकोब म्हणतो, यांची समाधी तेथील कॅथेड्रलमध्ये आहे अशी परंपरा आहे. हेरोद राजाच्या आज्ञेने तलवारीने रक्तसाक्षी झालेला हा पहिला प्रेषित, असे प्रेषितांच्या कृत्यांत नमूद आहे. वसई धर्मप्रांतातील आगाशीचे चर्च याच संताच्या नावाने ओळखले जाते, त्यामुळे आपल्या भागातील भाविकांना हे नाव परके नाही.

या तीर्थक्षेत्राकडे जाणारे पायी मार्ग अनेक आहेत. त्यांतील बहुतेकांचे वर्णन आता सर्वत्र उपलब्ध आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्यांपैकी एका प्राचीन मार्गावरील एका दिवसाच्या अवघड डोंगरी वाटेची माहिती देत आहोत. या वाटेचे नाव ‘होस्पितालेस’. ती अंतराने लहान आहे. परंतु ख्रिस्ती माणसाने अवघड वाट का निवडावी आणि केव्हा निवडू नये, या प्रश्नाचे उत्तर तिच्या इतिहासात सापडते.

मूळ मार्ग

नवव्या शतकाच्या पूर्वार्धात इरिया फ्लाविया येथील बिशप थेओदोमिरो यांनी ही समाधी संत याकोबांची असल्याचे जाहीर केले, असे परंपरा सांगते. त्या वेळी आस्तुरियासच्या राज्यावर राजा आल्फोन्सो दुसरा (इ. स. ७९१ ते ८४२) याची सत्ता होती व त्याची राजधानी ओविएडो ही होती. ही वार्ता ऐकून राजा ओविएडोहून समाधीच्या दर्शनास गेला. म्हणून त्यास पहिला यात्रेकरू आणि त्याच्या मार्गास ‘कमिनो प्रिमितिवो’, म्हणजे मूळ मार्ग, असे म्हणतात. ओविएडो ते सान्तियागो हे अंतर सुमारे ३२० किलोमीटर आहे.

पुढे दक्षिणेकडील सपाट प्रदेशातून जाणारा ‘फ्रेंच मार्ग’ प्रचलित झाला आणि डोंगरातील मूळ मार्गाची वर्दळ कमी झाली. युनेस्कोने १९९३ साली फ्रेंच मार्गास जागतिक वारशाचा दर्जा दिला. मूळ मार्गासह उत्तर स्पेनमधील मार्गांचा समावेश त्यात २०१५ साली झाला. २०२४ साली सान्तियागो येथील यात्रेकरू कार्यालयाने सुमारे ४ लाख ९९ हजार यात्रेकरूंची नोंद केली. त्यांत मूळ मार्गाने आलेले साधारणपणे वीसांत एक इतकेच होते.

यात्रेचा आरंभ ओविएडोच्या कॅथेड्रलपासून होतो. हे कॅथेड्रल तारणाऱ्या प्रभूला समर्पित आहे. तेथील ‘कामारा सान्ता’ या पवित्र दालनात, प्रभूच्या मृत्यूनंतर त्याच्या मुखावर ठेवण्यात आले होते असे परंपरेने मानलेले वस्त्र जतन केले आहे. संत याकोबाकडे जाताना जो या कॅथेड्रलला भेट देत नाही तो सेवकाला भेटतो आणि धन्याला विसरतो, अशा आशयाची एक जुनी म्हण तेथे प्रचलित आहे.

एका गावापुढे दोन वाटा

ओविएडोहून निघाल्यावर ग्रादो व सालास ही गावे ओलांडून यात्रेकरू तिनेओ या गावी येतो. १२२२ साली लेओनचा राजा आल्फोन्सो नववा याने, सान्तियागोला जाणारा मार्ग तिनेओ व जवळच्या ओबोना मठावरून जावा, असे फर्मान काढले होते. तिनेओनंतर कांपिएल्यो आणि मग बोर्रेस हे छोटे गाव लागते. बोर्रेस सोडताच वाट दुभंगते.

डावी वाट पोला दे आयांदे या दरीतील गावाकडे उतरते. तेथे दुकाने, खाणावळी व मुक्कामाची सोय आहे. उजवी वाट डोंगराच्या धारेवर चढते. हीच होस्पितालेस वाट. ती समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीपर्यंत जाते, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडी कमी. दोन्ही वाटा १,१४६ मीटर उंचीच्या पालो खिंडीत पुन्हा एकत्र येतात आणि मोन्तेफुरादो व लागो या वस्त्यांवरून बेर्दुसेदो गावाकडे उतरतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दरीची वाट सोपी व धारेची वाट कठीण, अशी सरसकट विभागणी करता येत नाही. पोला दे आयांदे साधारण सव्वापाचशे मीटर उंचीवर आहे. तेथून पालो खिंड गाठण्यास सहाशे मीटरचा सलग चढ चढावा लागतो. धारेच्या वाटेवरील अडचण निराळी आहे. बोर्रेस ते बेर्दुसेदो या सुमारे २४ किलोमीटरच्या अंतरात बहुतांश भागात घर नाही, दुकान नाही, झाडाची सावली नाही आणि भरवशाचे पिण्याचे पाणी नाही. सोबत असतात ती चरणारी गुरे, मोकळे घोडे आणि वारा.

‘होस्पिताल’ या शब्दाचा अर्थ

या वाटेला मिळालेले नाव आज ऐकताना आपल्या मनात रुग्णालय येते. मध्ययुगात या शब्दाचा अर्थ अधिक व्यापक होता. लॅटिन भाषेत पाहुण्यासाठी जो शब्द आहे त्यापासून तो आला. आपण ज्यास धर्मशाळा म्हणू त्याच्या जवळ जाणारी ती संस्था होती. यात्रेकरूला छप्पर, शेकोटी, भाकरी, आजारात शुश्रूषा आणि मरण आल्यास ख्रिस्ती रीतीने दफन, एवढे सारे त्या घरात मिळत असे.

या धारेवर पारादिएया, फोनफाराओन व वालपाराईसो अशी तीन होस्पिताले होती. खिंडीपलीकडे मोन्तेफुरादो येथेही असेच एक आश्रयस्थान होते व तेथे संत याकोबाचे छोटे कपेल आहे. मनुष्यवस्तीपासून इतक्या दूर, हिवाळ्यात बर्फाने वेढलेल्या डोंगरावर ही घरे का बांधली गेली? उत्तर साधे आहे. जेथे माणूस वाऱ्यापावसात अडकून पडेल तेथेच आश्रयाची गरज सर्वांत अधिक होती.

ही दृष्टी केवळ आस्तुरियासपुरती नव्हती. बाराव्या शतकातील ‘कोदेक्स कालिक्स्तिनुस’ या ग्रंथात जगातील तीन थोर होस्पितालांचा उल्लेख येतो. एक जेरुसलेमचे, दुसरे आल्प्स पर्वतातील, आज ज्यास थोर संत बर्नार्ड खिंड म्हणतात तेथील, २,४६९ मीटर उंचीवरचे, तिसरे पिरेनीज पर्वतातील सोमपोर्त खिंडीजवळचे संत क्रिस्तिना यांचे. तिघांपैकी दोन उंच खिंडींत होती, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पिरेनीजमधील इबान्येता खिंडीत धुके दाटले की वाट चुकलेल्यांसाठी घंटा वाजवली जात असे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मध्ययुगीन यात्रेकरूने ही धार ओलांडली ती एकट्याच्या बळावर नव्हे. त्याच्या अगोदर कोणीतरी लाकडे रचून ठेवली होती, कोणीतरी दार उघडे ठेवले होते. परक्याच्या रूपात प्रभूच आपल्या दारी येतो ही मत्तयच्या शुभवर्तमानातील शिकवण त्या निनावी सेवकांनी दगडमातीत उभी केली.

आज त्या जागी गवतात बुडालेल्या दगडी भिंतींचे अवशेष तेवढे उरले आहेत. वाट राहिली आहे, दार राहिलेले नाही. आजच्या यात्रेकरूची मोठी जबाबदारी येथूनच सुरू होते.

धुके आणि विवेक

आस्तुरियासचे हे डोंगर उत्तरेकडील समुद्रापासून फार दूर नाहीत. समुद्रावरून येणारा ओलावा डोंगराला अडतो आणि ऐन उन्हाळ्यातही अचानक धुके उतरते. उघड्या माळावर धुके आले की पुढचा खांब दिसत नाही आणि गुरांच्या पायवाटा यात्रामार्गासारख्या भासू लागतात. म्हणून धुके, वादळ किंवा बर्फ असताना ही वाट धरू नये, असा सल्ला स्थानिक यजमान व मार्गदर्शिका एकमुखाने देतात.

सल्ला ऐकणे मात्र अनेकांना जड जाते. इतक्या दुरून आलो, पुन्हा येणे होणार नाही, सोबतचे जात आहेत तर आम्हीच मागे का राहावे, असे विचार मनात येतात. क्वचित भक्तीचे कारणही पुढे केले जाते: प्रभूवर विश्वास असेल तर भय कशाचे? आमच्या मते हा विश्वासाचा विपर्यास आहे. मंदिराच्या कळसावरून उडी घेण्याचा सैतानाचा आग्रह प्रभूने नाकारला, हे आपण उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी ऐकत आलो आहोत. विवेक हा चार मूलभूत सद्‌गुणांपैकी एक आहे आणि तो धैर्याचा शत्रू नाही. बोर्रेसला पोहोचून आकाश पाहून डावीकडे वळणारा यात्रेकरू यात्रेत कमी पडत नाही.

सान्तियागोच्या कॅथेड्रलतर्फे दिल्या जाणाऱ्या ‘कोम्पोस्तेला’ या प्रमाणपत्राच्या दृष्टीनेही दोन्ही वाटा समान आहेत. धार्मिक अथवा आध्यात्मिक हेतूने किमान १०० किलोमीटर पायी चालणे ही त्याची अट आहे. किती उंची चढली याची नोंद तेथे कोणी करीत नाही.

मार्गावरील खुणा

आज या मार्गांवर दिसणारे पिवळे बाण हे एका धर्मगुरूचे काम आहे. ओ सेब्रेइरो या डोंगरी धर्मग्रामाचे धर्मगुरू फादर एलियास वालिन्या यांनी १९८०च्या दशकात फ्रेंच मार्गावर असे बाण रंगवून जुन्या वाटा पुन्हा चालत्या केल्या. १९८९ साली त्यांचे निधन झाले. बाणाखेरीज दगडी खांबांवर शिंपल्याचे चिन्ह असते. येथे एक दक्षता घ्यावी. आस्तुरियासमध्ये शिंपल्याच्या रेषा ज्या टोकाला एकत्र येतात त्या दिशेने चालायचे असते. आसेबो खिंड ओलांडून गालिसिया प्रांतात शिरल्यावर हा संकेत उलटा होतो. तेथे बाण पाहूनच चालावे.

पुढचा प्रवास

बेर्दुसेदोनंतर वाट सालिमेच्या जलाशयापर्यंत खोल उतरते आणि ग्रांदास दे सालिमे या गावी चढते. त्यानंतर आसेबो खिंड, आ फोन्साग्रादा आणि मग लुगो हे शहर. लुगोभोवतीचा रोमन तट सुमारे दोन किलोमीटर लांबीचा असून २००० साली तो जागतिक वारसा ठरला. भाविकांसाठी त्याहून मोलाचे आहे ते तेथील कॅथेड्रल. तेथे परमपवित्र साक्रामेंताची अखंड आराधना शतकानुशतके चालत आली आहे. उजाड धारेवरून आलेल्या यात्रेकरूला येथे दार उघडे मिळते आणि आत प्रभू वाट पाहत असतो. पुढे मेलिदे येथे हा मार्ग फ्रेंच मार्गास मिळतो व उरलेले सुमारे पन्नास किलोमीटर मोठ्या समुदायासोबत चालावे लागतात.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

ज्या वर्षी २५ जुलै हा संत याकोबांचा सण रविवारी येतो ते वर्ष सान्तियागोचे पवित्र वर्ष मानले जाते. २०२१ नंतरचे असे वर्ष २०२७ हे आहे. त्या निमित्ताने आपल्या धर्मग्रामांतून कोणी या मार्गाने जाणार असल्यास पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. आदल्या संध्याकाळी बोर्रेस किंवा कांपिएल्यो येथे मुक्काम करावा व यजमानाला हवामानाविषयी विचारावे. त्याचा शब्द अंतिम मानावा.

२. दिवसभराचे अन्न व पाणी सोबत घ्यावे. एखाद्या अनोळखी सहयात्रेकरूला देता येईल इतके थोडे अधिक घ्यावे.

३. पहाटे निघावे आणि एकट्याने जाऊ नये. समूहाचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या वेगाइतका ठेवावा.

४. ऊन आणि पाऊस दोन्हींसाठी कपडे असावेत. संकटकाळी ११२ हा दूरध्वनी क्रमांक लागू आहे.

५. सह्याद्रीतील घाटवाटांवर पाठीवर ओझे घेऊन काही महिने सराव करावा. एका दिवसाचा चढ जमणे वेगळे आणि सलग दोन आठवडे चालणे वेगळे.

६. निघण्यापूर्वी प्रायश्चित्त साक्रामेंत स्वीकारावा आणि ज्यांच्यासाठी चालणार त्यांची नावे मनाशी ठरवावीत.

दूतसंदेशानंतर पवित्र मारिया डोंगराळ प्रदेशात त्वरेने गेली, ती एलिझाबेथच्या सेवेसाठी. डोंगर तिच्या वाटेत होता. तिचे लक्ष पलीकडच्या घराकडे होते. होस्पितालेस वाटेवर दार उघडे ठेवणाऱ्या जुन्या सेवकांचेही तसेच होते. त्यांची घरे आता नाहीत, त्यांचे काम मात्र त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाकडे सोपविलेले आहे. ज्यांना स्पेनला जाणे कधीच शक्य होणार नाही अशा आपल्या वाचकांनाही ते काम आपल्या उंबरठ्यावर करता येईल. संत याकोबांच्या मध्यस्थीने ही कृपा आपणा सर्वांस लाभो, हीच प्रार्थना.