खोकड-वंशशाखांचा कालनिर्णय

श्वानकुलातील (कॅनिडी) खोकडांच्या शाखा समान पूर्वजापासून केव्हा विलग झाल्या, याचा डीएनएतील फरकांवरून घेतलेला अदमास. भारतीय खोकड (व्हल्पिस बेंगालेन्सिस) हा उघड्या माळरानांचा प्राणी असून त्याचे शास्त्रीय वर्णन जॉर्ज शॉ यांनी १८०० साली केले. हदगावसारख्या काळ्या मातीच्या मुलखात त्याचे नाव लोकांच्या ओठी असले, तरी पुस्तकी मराठीत त्याची गल्लत नेहमी कोल्ह्याशी होते. कोल्हा हा कॅनिस प्रजातीतील असून नात्याने खोकडापेक्षा लांडग्याला अधिक जवळचा आहे. गोष्टींतील धूर्त कोल्हा आणि पाश्चात्त्य कथांतील तांबडा खोकड यांना एकच मानल्यामुळे ही गल्लत रूढ झाली असावी.

कालनिर्णयाची मूळ कल्पना एमिल झुकरकांड्ल व लायनस पॉलिंग यांनी १९६२ मध्ये हीमोग्लोबिनाच्या अभ्यासातून मांडली. रेणूंतील बदल स्थूलमानाने ठराविक गतीने साचत असतील, तर दोन प्राण्यांतील फरक हाच त्यांच्या फारकतीचा काळ मोजण्याचे साधन ठरतो. यालाच रेण्वीय घड्याळ म्हणतात. समजा, दोन शाखांच्या एखाद्या जनुकात ८ टक्के फरक आहे आणि प्रत्येक शाखेत दर दहा लाख वर्षांस १ टक्का बदल होतो. मग दोहोंतील अंतर त्याच काळात २ टक्क्यांनी वाढेल आणि फारकत सुमारे ४० लाख वर्षांपूर्वीची ठरेल. हिशोब सोपा आहे. खरी अडचण गती ठरविण्याची. ती जीवाश्मांवरून जुळवून घ्यावी लागते आणि जीवाश्म शाखेचे केवळ किमान वय सांगतो. शाखा त्याहून कितीही जुनी असू शकते.

गुणसूत्रांवरून नाते जोखण्याचा प्रयत्न यापूर्वी झाला होता. कुत्र्याची ७८, भारतीय खोकडाची ६० आणि तांबड्या खोकडाची ३४ (शिवाय काही जादा) गुणसूत्रे आहेत. परंतु या आकड्यांवरून काळ काढता येत नाही. १९९७ मध्ये रॉबर्ट वेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कलकणूंच्या डीएनएतील २,००१ क्षारकजोड्यांवरून श्वानकुलाची वंशावळ मांडली. कुत्र्याच्या जीनोमाबरोबर २००५ मध्ये आलेल्या विश्लेषणाने तीत भर घातली. खोकड व लांडगा यांच्या शाखांची फारकत ढोबळमानाने एक कोटी वर्षांपूर्वीची मानली जाते. चाडमध्ये सापडलेला सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीचा व्हल्पिस रिफौटी हा जीवाश्म या अंदाजाशी विसंगत नाही.

कलकणूंचा डीएनए केवळ मातेकडून येतो, म्हणून त्यावरील तारीख ही मातृवंशाची तारीख होय. शिवाय जनुकांची फारकत बहुधा समूहांच्या फारकतीआधीच झालेली असते. तांबड्या खोकडाच्या बाबतीत २०१४ मधील अभ्यासात उत्तर अमेरिकी शाखा जुन्या जगातील शाखेपासून सुमारे ४ लाख वर्षांपूर्वी वेगळी झाल्याचे दिसले. पूर्व अमेरिकेतील खोकड युरोपीय वसाहतवाल्यांनी आणलेले, ही समजूतही जननिक पुराव्यापुढे टिकली नाही.

मराठवाड्यात मात्र घड्याळ जुळवून घेण्याजोगे साधन फार कमी आहे. येथील बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे खोकडांच्या उदयाहून फार जुना आहे. मांजरा खोऱ्यातील गाळात हत्ती व बैलवर्गीयांची जड हाडे मिळाली. खोकडाची नाजूक हाडे अशा गाळात क्वचितच टिकतात. त्यामुळे आजच्या प्राण्याच्या विष्ठेतून, केसांतून व जुन्या संग्रहालयीन कातड्यांतून मिळणाऱ्या डीएनएचे मोल येथे अधिक आहे. भारतीय लांडग्याच्या बाबतीत २००४ साली अशाच प्रयत्नाने द्वीपकल्पातील त्याचा मातृवंश सुमारे ४ लाख वर्षे जुना असल्याचे निष्पन्न झाले. लांडगा आणि खोकड हे दोघेही ज्या गवताळ माळावर राहतात, त्याला महसुली दप्तरात पुष्कळदा पडीक म्हणून नोंदले जाते. माळ नांगराखाली आला की तेथील खोकडांची बिळे जातात आणि त्यांच्याबरोबर त्या स्थानिक समूहाचा डीएनएही.