नक्कल, सोंग आणि एम्युलेटर

‘एम्युलेटर’ शब्दाच्या पोटात स्पर्धा आहे. लॅटिन ‘एम्युलुस’ म्हणजे बरोबरी करू पाहणारा, चढाओढ करणारा. अनुकरण सांगणारा ‘इमितारी’ आणि प्रतिमा सांगणारा ‘इमागो’ हे त्याचे भाऊबंद असावेत, असा तर्क केला जातो. शेक्सपिअरच्या काळच्या इंग्रजीत ‘एम्युलेशन’ला असूयेचाही दर्प होता. आपल्या ‘स्पर्धे’चेही तसेच. संस्कृत ‘स्पर्ध्’ धातूत झुंज आहे, आणि शब्द आता शाळेच्या बक्षीस समारंभात शहाण्यासारखा बसलेला दिसतो.

संगणकाच्या परिभाषेत ‘एम्युलेटर’ आणला तो आयबीएमने, १९६० नंतरच्या काही वर्षांत. १९६४मध्ये जाहीर झालेल्या ‘सिस्टिम/३६०’ मालिकेतल्या यंत्रांवर जुन्या १४०१ या संगणकाची कामे चालावीत, ही त्यामागची गरज. निव्वळ प्रोग्रॅमने दुसरे यंत्र उभे केले तर ‘सिम्युलेटर’, आणि यंत्राच्या अंतर्रचनेची मदत घेतली तर ‘एम्युलेटर’, असा तेव्हाचा भेद. ‘सिम्युलेटर’च्या मुळाशी ‘सिमिलिस’, म्हणजे संस्कृत ‘सम’चा दूरचा नातलग. त्या हिशेबाने आज कुणी रात्री जागून एकहाती ‘गेम बॉय’ या हातातल्या खेळयंत्राचा एम्युलेटर लिहितो, तो खरे तर सिम्युलेटर लिहितो. पण वापर व्याकरणाचे ऐकत नाही.

मराठीत पहिला शब्द सुचतो ‘नक्कल’. अरबी ‘न-क़-ल’ या मुळाचा अर्थ इकडून तिकडे नेणे. फारसीत आजही वाहनाला ‘वसीले-ये नक़्लिये’ म्हणतात. मजकूर एका कागदावरून दुसऱ्यावर नेला की झाली नक्कल, आणि गोष्ट तोंडी पुढे नेणारा तो इराणी कथेकरी ‘नक़्क़ाल’. खोटेपणाचा रंग शब्दावर मागाहून चढला असावा. कारण कचेरीतली नक्कल बनावट नसते, उलट तिच्यावर शिक्का असतो. जुन्या दस्तऐवजांत तर ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ अशी ग्वाहीच असे. ‘अस्ल’ म्हणजे मूळ, ‘बर’ हे फारसी अव्यय, आणि ‘हुकूम’ परिचित आहेच.

हा ‘बरहुकूम’ आपल्या विषयाला फारच लागू पडतो. १९८९च्या गेम बॉयचा प्रोसेसर सुमारे पाचशे हुकूम जाणतो, आणि एम्युलेटर लिहिणाऱ्याला ते एकेक करून बरहुकूम वठवावे लागतात. कार्ट्रिजमधला मजकूर उतरवून घेणे ही नक्कल. तो ज्याच्या आज्ञेत चालतो ते यंत्र उभे करणे ही पुढची पायरी.

त्यातला एक बारकावा मराठी माणसाला खास आवडावा. शाळेत आपण ‘हातचा एक’ म्हणतो, तोच प्रोसेसरचा ‘कॅरी’. गेम बॉयला दोन हातचे सांभाळावे लागतात : आठ बिटांच्या बेरजेचा पूर्ण, आणि खालच्या चार बिटांतून वर जाणारा अर्धा. ८ मध्ये ८ मिळवले की षोडशमान पद्धतीत १० उरतात आणि अर्धा हातचा उभा राहतो. मग ‘डीएए’ हा हुकूम तो हातचा पाहून ६ मिळवतो, आणि दशमान १६ वाचता येतात. अर्धा हातचा विसरलात तर खेळ बहुधा चालेल, पण जिथे गुण असे दशमानात ठेवलेले आहेत तिथे फलकावर भलतेच आकडे दिसतील.

तेव्हा नुसती नक्कल पुरत नाही, ‘सोंग’ हवे. हा शब्द हिंदी ‘स्वाँग’चा सख्खा. ‘स्व’ आणि ‘अंग’ अशी त्याची फोड करतात. ती जरा जास्तच सोयीची वाटते. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे आपण म्हणतो. इथे पैशाच्या जागी वेळ घालावा. पडद्याच्या दिसणाऱ्या रेषा १४४, पण यंत्र मोजते १५४. प्रत्येक रेषेला यंत्राच्या घड्याळाचे ४५६ ठोके, म्हणजे एका चित्राला ७०,२२४, आणि अशी चित्रे सेकंदाला साठाच्या किंचित कमी. काही खेळ रेषा रंगता रंगताच चित्र बदलतात. तिथे थोडे ठोके चुकले की सोंग उघडे पडते.

सोंग खरे की खोटे, हा वाद जुना आहे. काश्मीरच्या शंकुक या नाट्यमीमांसकाने नाट्यरसाला अनुकरण मानले आणि ‘चित्रतुरगन्याय’ मांडला : चित्रातल्या घोड्याला आपण घोडा म्हणतो, पण ते ज्ञान सम्यक् नव्हे, मिथ्या नव्हे, संशय नव्हे, सादृश्यही नव्हे. त्यावर भट्टतौत या दुसऱ्या मीमांसकाचा आक्षेप असा, की रामाला पाहिलेय कुणी, मग नट त्याचे अनुकरण करतो हे ठरवायचे कसे? एम्युलेटरवाल्याचे तेवढे बरे आहे. त्याचा राम अजून जुन्या बाजारात मिळतो. शेजारी ठेवून ताडून पाहता येतो.

घोड्यावरून आठवले. इंग्रजी ‘हॉबी’ मुळात लहान चणीचा घोडा. पुढे नाचणाऱ्याने कमरेला बांधायचा खोटा घोडा, गोव्याच्या शिगम्यातल्या घोडेमोडणीत असतो तसा. मग मुलांची काठी, आणि अखेर फावल्या वेळचा नाद. आपली ‘हौस’ अरबी ‘हवस’पासून आली. मुळात तिचा अर्थ वेड, झपाटलेपण. हिंदीत ‘हवस’ वासनेकडे झुकली, मराठीत मात्र निर्मळ राहिली. ‘छंद’ तर मूळचाच इच्छेचा शब्द. ‘स्वच्छंद’मध्ये तो अर्थ अजून टिकून आहे.

माझा कौल असा : यंत्राला एम्युलेटरच म्हणावे, तो शब्द रुळला आहे. त्याच्या कामाला मात्र ‘अनुकरण’ असा परिभाषाकोशी शब्द न लावता ‘सोंग वठवणे’ म्हणावे. त्यात कसबही येते आणि फसण्याची जोखीमही. वाचकांपैकी कुणाला ही हौस असेल, तर अर्ध्या हातच्याला तुम्ही आपसांत मराठीत काय म्हणता, ते अवश्य कळवा.