करवीरचा डंका

माल उत्तम असूनही त्याची वार्ता गिऱ्हाइकापर्यंत पोहोचविणे ही एक स्वतंत्र विद्या असून, करवीर अर्थात कोल्हापूर संस्थानात ती व्यापाऱ्यांच्याही आधी चित्रकारांनी आत्मसात केली, असे म्हणावयास हरकत नाही. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवून ज्यांचा हात तयार झाला, त्या बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढल्यावर चित्रपटांची भित्तिपत्रके स्वहस्ते रंगविली, इतकेच नव्हे तर कथासार व छायाचित्रे असलेल्या पुस्तिकाही छापविल्या. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे भित्तिपत्रक तर उपलब्ध भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांत सर्वांत जुने मानले जाते.

चर्मकाराच्या नशिबी मात्र असा पेंटर नव्हता. शाहू छत्रपतींचा राजाश्रय लाभूनही कोल्हापुरी वहाणेला कान, वेणी, गोंडा जोडणारा कारागीर अनामिकच राहिला. नाव झाले ते गावाचे. २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांच्या या वहाणेस भौगोलिक मानांकनाची सनद मिळाली, तरी जगात बभ्रा झाला तो जून २०२५ मध्ये, प्राडा या इटालियन पेढीने मिलानच्या प्रदर्शनात तत्सदृश वहाणा नामोल्लेखावाचून मिरविल्या तेव्हा. समाजमाध्यमांवर गहजब उसळला, पेढीने प्रेरणेचे मूळ कबूल केले आणि जुलैत तिची माणसे कोल्हापुरात दाखल झाली. फुकटची ही जाहिरात, आणि तीही परक्याच्या आगळिकीने! आता जोडावर क्यूआर कोड लावण्याची व्यवस्था सुरू झाली असून, मोबाइल धरताच निर्मात्याचे नाव, जिल्हा आणि घडणीची रीत ग्राहकास वाचता यावी, अशी योजना आहे.