चाळीचा नंबर

मुंबईच्या गिरण्यांनी जात मोडली, असे आपले पुरोगामी अभ्यासक मोठ्या विश्वासाने सांगत आले आहेत. मला ते कधी पटले नाही. मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो. शाळेत एका गुरुजींनी मला पहिल्या दिवशी नाव विचारले नाही. ‘कितव्या चाळीत राहतोस?’ असे विचारले. नंबर कळला की त्यांना आडनावाची गरज उरत नसे.

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने गरिबांची जितकी घरे पाडली तितकी बांधली नाहीत. त्याच ट्रस्टच्या परळच्या चाळीत बाबासाहेबांनी आयुष्याची वीसेक वर्षे काढली. पुढे १९२० साली सरकारने विकास खाते काढले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी उभ्या केल्या. त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. कायदेभंगाच्या दिवसांत सरकारने यांतल्याच काही चाळींचा तुरुंग केला, आणि त्यासाठी फारशी मोडतोड करावी लागली नसावी!

या चाळींच्या भिंतींवर कोणी जात लिहिली नव्हती. ती गिरणीतून घरी आली. साचेखात्यात पगार चांगला. पण कांडी बदलताना धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे. आमच्या तोंडाचा विटाळ होतो म्हणून ते खाते आम्हाला बंद. माझ्या आजोबांनी सारा जन्म त्रासनखात्यात काढला. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कामगार ऐक्याची भाषा करणाऱ्यांना तो अडचणीचा वाटला. पगार कमी, म्हणून खोली मिळेल तिथे. आणि ती मिळवून देणार गाववाला, म्हणजे पुन्हा जातवालाच. गावकुसाबाहेरचा महारवाडा असा शहरात चार मजल्यांचा झाला.

तरीही या चाळींना नुसते नरक म्हणणारे लेखन मला खोटे वाटते. गावात आमची दहा घरे पाटलाच्या नजरेखाली असत. इथे एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडे. पॅसेजमधल्या दिव्याखाली पोरे मॅट्रिक झाली. १९५६ नंतर तिथेच वंदना सुरू झाली. जानेवारी १९७४ मध्ये पँथरच्या सभेवर दगड आले आणि वरळी पेटली, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. समोरच्या चाळीतून सोडावॉटरच्या बाटल्या येत. दोन्हीकडची माणसे एकाच भोंग्यावर गिरणीत जाणारी. १० जानेवारीला परळला मोर्चात भागवत जाधव मारला गेला. आमच्या चाळीत त्या रात्री चूल पेटली नाही.

आता चाळी पाडल्या जात आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घरे सोडतीने ठरली, त्यामुळे जुने शेजार मोडले. माझ्या चुलतभावालाही घर मिळाले. मी त्याला विचारले, “शेजारी कोण आलंय?”

तो म्हणाला, “मी काही विचारलं नाही. त्यांनीच विचारलं, आधी कितव्या चाळीत होता म्हणून.”