जोर्व्याची खापरं

परवा अमेरिकेतल्या नातीने जुन्या ग्रीक मडक्यांचे फोटो पाठवले. शाळेत प्रकल्प आहे म्हणे. सोबत प्रश्न, "आजी, आपल्याकडे असं काही होतं का?" आयुष्यभर इतिहास शिकवला, तेव्हा उत्तर देणं भागच!

होतं तर. तेही आपल्या अंगणात. १९५०-५१ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी नाशिकची मातीची गढी आणि संगमनेरजवळचं जोर्वे इथे उत्खनन केलं. जोर्व्याच्या भांड्यांवरून त्या संस्कृतीलाच 'जोर्वे' हे नाव पडलं. काळ साधारण इ.स.पू. १४०० ते १०००. चाकावर घडवलेली लाल भांडी, त्यांवर काळ्या रंगात तिरक्या रेघा आणि शंकरपाळ्यांसारखे चौकोन. लांब तोटीचं भांडं ही खास ओळख. भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर खणखणतात. माझी आई बाजारात माठ घेताना अशीच टिचकी मारून बघायची.

वर्गात मी इथेच थांबायची. पुढचं मुलांना कधी सांगितलं नाही.

पुढचं असं. आपण नेवाशाला पैसच्या खांबाच्या दर्शनाला जातो. त्याच नेवाशाला, आणि शिरूर तालुक्यातल्या इनामगावला, घरांच्या जमिनीखाली तान्ह्या मुलांची दफनं सापडली. दोन मोठी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि आत बाळ. ही मडकी बहुधा साधी, जाडीभरडी. रंगवलेलं तोटीचं भांडं शेजारी ठेवत.

मुलांना मडक्यात पुरायची रीत ग्रीकांतही होती. पण नातीच्या फोटोंत अथेन्सचा एक कुंभ आहे, इ.स.पू. ७५०च्या सुमाराचा, दीड मीटरहून उंच. अंगभर नक्षी, मधोमध मृत स्त्री आणि डोक्यावर हात घेऊन रडणारी माणसं. तो थडग्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसेल असा उभा होता. आपल्याकडे मात्र ते दुःख घरातच, पायाखाली. त्यावरच सारवायचं, त्यावरच निजायचं.

माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. अकरा दिवसांत गेला. नाव ठेवायचं राहूनच गेलं. तान्ह्या बाळाला आपल्यात दहन करत नाहीत, पुरतात. जुन्या घराच्या परसात पेरूच्या झाडाजवळ आई कुणाला कुदळ मारू देत नसे. कारण मला पुष्कळ उशिरा, तेही मावशीकडून कळलं. आई स्वतः कधीच बोलली नाही. घरातल्या धाकट्यांना हे ठाऊक नसेल, म्हणून इथे लिहून ठेवते आहे.

नातीला जोर्व्याच्या भांड्याचं चित्र पाठवलं आणि वर्गात टाळलेलं सगळं या वेळी लिहिलं. तिचं उत्तर आलं, "आजी, त्या बाळाचं भांडं कोणी रंगवलं असेल गं?"

असो. ती सुट्टीत आली की दोघी डेक्कन कॉलेजचं संग्रहालय बघायला जाणार आहोत.